चिपाडाच्या ढिगाची साक्ष

दौंड तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर डिसेंबरातल्या पहाटे मी चिपाडाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला होता. बाहेर हुडहुडी भरवणारी थंडी, आणि आत नुकत्याच उतरवलेल्या भाताच्या पातेल्यासारखी ऊब. आठवड्यापूर्वी अवकाळी पाऊस होऊन गेला होता. ताडपत्री टाकायला उशीर झाला आणि ढिगाचं पोट भिजलं. हात बाहेर काढला तर बोटांना राखेसारखी पांढुरकी भुकटी. ती नाकाजवळ नेणार तोच गूळ रांधणारा गुळव्या ओरडला, "अहो, वास काय घेताय! आधी तोंडाला फडकं बांधा. आतला धुरळा वंगाळ असतो, छाती धरतो."

छाती धरतो. या दोन शब्दांतलं निदान वैद्यकाच्या पुस्तकात यायला १९४१ साल उजाडलं, आणि ही छाती नेमकं कोण धरतं हे कळायला आणखी तीस वर्षं गेली. कोर्टात ते सिद्ध करायचं म्हटलं तर भल्याभल्या वकिलांना अजूनही घाम फुटतो.

आधी त्या उबेचं बघू. चरकातून नुकतंच निघालेलं चिपाड जवळपास निम्मं पाणीच असतं, आणि कितीही पिळलं तरी थोडी साखर त्यात राहतेच. पाणी, साखर आणि ढिगाची गोधडी, एवढं मिळालं की जेवणावळ सुरू होते. पहिल्या पंगतीला यीस्ट आणि नेहमीच्या बुरश्या बसतात. साखर खाता खाता त्या उष्णता सोडतात आणि ती ढिगातच कोंडून राहते. तापमान पन्नासच्या घरात गेलं की पहिली पंगत आपल्याच उष्णतेने उठते. मग दुसरी पंगत बसते ती उन्हाळी पाहुण्यांची. आपल्याला जिथे हात ठेववत नाही तिथेच त्यांची वाढ जोमात होते. त्यांतल्या एकाचं नाव थर्मोॲक्टिनोमायसिस सॅकराय. धाग्याधाग्यांनी पसरतो, पांढरी भुकटी धरतो, म्हणून कुणीही त्याला बुरशीच म्हणेल. प्रत्यक्षात तो जीवाणू आहे. बुरशीचं सोंग इतकं बेमालूम की शास्त्रज्ञही बरीच वर्षं फसले. गुऱ्हाळावर त्याला बुरशी म्हणतात, मीही या लेखात तेच म्हणणार आहे.

त्याचा बीजाणू साधारण एक मायक्रॉनचा. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड धरला तर केसाच्या रुंदीवर असे सत्तर बीजाणू ओळीने मावतील. फुलांचे परागकण वीस-तीस मायक्रॉनचे असतात, ते नाकात आणि घशात अडकतात. शिंक येते, विषय संपतो. एक मायक्रॉनच्या कणाला मात्र कुणी अडवत नाही. तो श्वासनळीच्या फांद्याफांद्यांतून थेट शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतो, जिथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये कागदापेक्षाही पातळ पडदा असतो.

तिथे पोचून तो काय करतो? काहीच नाही. तो फुप्फुसात रुजत नाही, वाढत नाही, विषही ओतत नाही. जे काही होतं ते आपलं शरीर करतं. पुन्हा पुन्हा हाच परका कण दिसू लागला की काही जणांची प्रतिकारशक्ती खवळते आणि स्वतःच्याच फुग्यांवर तुटून पडते. धुळीत काम केल्यावर चार ते आठ तासांनी, म्हणजे घरी येऊन जेवून अंथरुणावर पडल्यावर, थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला लागतो, धाप लागते. दोन दिवस घरी राहिलं की बरं वाटतं. पुन्हा कामावर गेलं की पुन्हा तेच. असं वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुसात व्रण धरतात आणि ते नारळाच्या काथ्यासारखं ताठ होतं. या आजाराचं नाव बगॅसोसिस. उसाच्या चोथ्याला कारखान्यावर बगॅस म्हणतात, त्यावरून.

आता कुणी म्हणेल, बुरशीचं प्रकरण कोकणातलं किंवा मावळातलं असायला हवं. शिरूर-दौंड तर पर्जन्यछायेत, पाऊस कसाबसा ५०० मिलिमीटरच्या आगेमागे. पण बुरशीला आभाळातलं पाणी लागत नाही, साठवणीतलं पुरतं. भीमा, घोड, मुळा-मुठेच्या पाण्यावर इथे ऊस उभा राहिला. पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि केडगावच्या बाजूला गुऱ्हाळांची धुराडी. एक टन ऊस गाळला की पाव टनाहून जास्त ओलं चिपाड बाहेर पडतं. कारखान्यांत त्यातलं बहुतेक पट्ट्यावरून सरळ बॉयलरमध्ये जातं आणि त्याची वाफ न् वीज होते. ताज्या चिपाडाने हा आजार होत नाही. धोका असतो तो गळीत हंगाम संपल्यावर साठवून ठेवलेल्या, मध्येच भिजलेल्या आणि महिन्यांनी फोडलेल्या ढिगात. चिपाड जितकं शिळं तितकं वाईट.

हे 'शिळं' प्रकरण कळलं ते एका गमतीशीर वाटेने. अमेरिकेत लुइझियानामध्ये उसाच्या चोथ्यापासून घरबांधणीचे बोर्ड करत. त्यासाठी चोथ्याच्या गासड्या बांधून महिनोन् महिने ठेवत. १९४१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जेमिसन आणि हॉपकिन्स या डॉक्टरांनी अशा कामावरच्या माणसाचा आजार नोंदवला. पुढे १९४६ मध्ये लंडनच्या डोनाल्ड हंटर आणि पेरी यांनी तोच आजार इंग्लंडमध्ये नोंदवला. जिथे ऊस उगवतच नाही तिथे! तो आला होता गासड्यांत बसून, समुद्र ओलांडून. दोष चोथ्याच्या तंतूंचा की त्यातल्या वाळूचा, यावर वाद चालत राहिला. शेवटी १९७१ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रातल्या जॉन लेसी यांनी हा उन्हाळी पाहुणा वेगळा काढला आणि त्याचं बारसं केलं. २००५ मध्ये त्याचं पुन्हा बारसं झालं, आणि आता त्याचं नाव लेसीएला सॅकराय. ज्याने चोर पकडला त्याचंच नाव चोराला, असा मान क्वचितच कुणाला मिळतो.

एवढं सगळं माहीत असताना कोर्टात अडतं कुठे? अडतं ते दोन क्रियापदांत. 'असं होऊ शकतं' हे शास्त्र सांगतं. 'याला त्यामुळेच झालं' हे कोर्टाला हवं असतं. या दोघांमधली दरी फार रुंद आहे.

समजा, चिपाड हाताळणारा एक माणूस कोर्टात उभा आहे आणि उलटतपासणी सुरू होते. बिडी ओढता का? घरी चूल आहे का? लहानपणी दमा होता का? कोंबड्या पाळता का? यातल्या एकाला जरी 'हो' आलं, तरी दुसऱ्या बाजूच्या वकिलाला दुसरं कारण मिळतं. मग तो फाइल उघडतो. फाइलमध्ये बहुधा असतं क्षयरोगाचं निदान. खोकला, ताप, वजन घटलेलं, एक्स-रेवर डाग, म्हणजे आपल्याकडे डॉक्टरच्या मनात पहिला येतो टीबी. बेडक्यात जंतू सापडले नाहीत तरी सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो. माणूस त्या काळात कामावर जात नाही, म्हणून त्याला बरं वाटतं, आणि गुण औषधांना जातो. पुढे तोच कागद त्याच्याविरुद्ध साक्ष देतो.

रक्ताची तपासणी करून हा गुंता सुटेल असं वाटतं. ती तपासणी बघण्यासारखी आहे. स्वीडनच्या ओर्यान ऑक्टरलोनी यांनी १९४०च्या दशकात ही पद्धत बसवली. काचेच्या बशीत अगारची पारदर्शक जेली ओततात, चायना ग्रासची असते तशीच. ती गोठली की तिच्यात जवळजवळ दोन छोट्या विहिरी पाडतात. एकीत माणसाच्या रक्ताचं पाणी, म्हणजे सीरम, आणि दुसरीत बुरशीचा अर्क. झाकण लावून ठेवून द्यायचं. दोन्ही द्रव जेलीतून हळूहळू एकमेकांकडे झिरपतात. त्या माणसाच्या रक्ताने ही बुरशी आधी कधी पाहिलेली असेल, तर दोघांची गाठ पडते तिथे एक-दोन दिवसांत बारीक पांढरी रेघ उमटते, भांगासारखी. नुसत्या डोळ्यांनी दिसते. उजेडासमोर धरलेली ती बशी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, झालं की, यापेक्षा आणखी काय पुरावा हवा?

पण वकील विचारतो, याच्याबरोबर काम करणाऱ्या, ठणठणीत असलेल्या माणसाच्या रक्ताने रेघ उमटते का? आणि प्रामाणिक तज्ज्ञाला सांगावं लागतं, पुष्कळदा उमटते. रेघ एवढंच सांगते की या दोघांची भेट झाली आहे. भांडण झालं की नाही, हे ती सांगत नाही. म्हणून मग लागतात सीटी स्कॅनमधले धुरकट ठिपके, फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात वाढलेल्या लिम्फोसाइट पेशी, आणि सगळ्यांत बोलका पुरावा म्हणजे तारखा. कामावर गेला की आजारी, सुटीवर गेला की बरा. हा प्रयोग माणसाच्या शरीराने आपणहून केलेला असतो, फक्त कुणी तो लिहून ठेवलेला नसतो.

घरातल्या बुरशीचा खटला तर याहून अवघड. तिथे ढीग नसतो, भिंत असते. भिंतीवर बुरशी आहे हे कुणीही दाखवू शकतो. पण ती हवेत किती होती? किती असली म्हणजे घातक? यावर आकडाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शिका काढली, तिच्यातही इतके बीजाणू म्हणजे धोका अशी मर्यादा घालता आली नाही. बाहेरच्या हवेत तर बीजाणू बारा महिने असतातच. शिवाय भिंतीवरच्या पुराव्याला चुन्याचा एक हात पुरतो. घरमालक म्हणतो, रंग देऊन देतो की, आणि आपण खूश होतो.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात १९९३-९४ मध्ये तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला. घरं ओली होती, काळी बुरशी सापडली, आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्या दोहोंचा संबंध असल्याचं छापलं. २००० मध्ये त्याच केंद्राने आकडे पुन्हा तपासले आणि संबंध सिद्ध होत नाही असं जाहीर केलं. टेक्सासमध्ये मेलिंडा बॅलार्ड यांच्या बावीस खोल्यांच्या घरात बुरशी झाली, आणि २००१ मध्ये ज्यूरीने विमा कंपनीविरुद्ध तीन कोटी वीस लाख डॉलरचा निकाल दिला. जगभर बातमी झाली ती 'काळ्या बुरशीचा खटला' म्हणून. गंमत अशी की बुरशीमुळे कुटुंब आजारी पडलं हा भाग न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे येऊच दिला नव्हता, कारण तज्ज्ञांची साक्ष शास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. पैसे मिळाले ते घराचे आणि विमा कंपनीच्या वागणुकीचे, आणि वरच्या कोर्टात तेही घटून चाळीस लाखांवर आले. म्हणजे भिंत जिंकली, फुप्फुस हरलं.

आपल्याकडेही शहाणे वकील हेच करतात. फ्लॅटमध्ये ओल आली तर रेरा कायद्याच्या कलम १४ खाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून द्यायचा. बिल्डरने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. मुलाचा खोकला अर्जात घालायचाच नाही. घातला की सिद्ध करावा लागतो.

मला माहीत असलेलं ठळक उलट उदाहरण इंग्लंडमधलं. रॉचडेलच्या एका ओल्या फ्लॅटमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने कारण सांगितलं, घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झालेला श्वसनाचा आजार. त्या मुलाच्या नावाने तिथे कायदा झाला. पण कॉरोनरला ते म्हणता आलं त्याची किंमत बघा. शवविच्छेदन झालेलं होतं, घराची तपासणी झालेली होती, आणि आईवडिलांच्या तक्रारी २०१७ पासून कागदावर होत्या.

आता आपल्या चिपाडाकडे परत. कारण इथे एक अशी गोष्ट आहे जी वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, ज्याचं नाव पुढे कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं, त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी आहे. तिच्या 'क' भागात दुसऱ्या क्रमांकावर एकच शब्द आहे, बगॅसोसिस. आणि चौथ्या क्रमांकावर सेंद्रिय धुळीमुळे होणारी फुप्फुसाची ॲलर्जी. त्यात बुरसटलेलं गवत, धान्य, कोंबड्यांची विष्ठा हे सगळं येतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो जुना कायदा पोटात घेतला, तरी ही यादी पुढे आली. एक मायक्रॉनचा जीव भारताच्या कायद्यात नावानिशी जाऊन बसला आहे.

यादीत नाव असल्याने काय होतं? कोर्टातलं पारडं उलटतं. त्या कामावर सरकारने ठरवलेला सलग काळ घालवलेल्या माणसाला तो आजार झाला, तर तो कामामुळेच झाला असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे आता मालकाने सिद्ध करायचं. बिडी, चूल, कोंबड्या यांची नुसती शंका घेऊन भागत नाही. मेलिंडा बॅलार्ड यांच्या तज्ज्ञांना जे करता आलं नाही, ते इथे कायदेमंडळाने एका शब्दात करून ठेवलं आहे. जिथे विज्ञान प्रत्येक माणसापुरतं खात्रीने बोलू शकत नाही, तिथे त्या अनिश्चिततेचं ओझं कुणी वाहायचं, एवढंच कायद्याने ठरवून टाकलं. मला हा फार मोठा शहाणपणा वाटतो.

त्याहून नवल पुढे आहे. हा कायदा मुळात अपघातांचा: पट्ट्यात हात गेला, शिडीवरून पडला. अपघाताला तारीख असते. दावा दोन वर्षांच्या आत करायचा, तर दोन वर्षं मोजायला कुठूनतरी सुरुवात हवी. पण वर्षानुवर्षं काथ्या होत गेलेल्या फुप्फुसाला कुठली तारीख? मग कायद्याने आजारालाच अपघात मानलं आणि तारीखही देऊन टाकली. त्या आजाराच्या अपंगत्वामुळे माणूस सलग गैरहजर राहू लागला, त्यातला पहिला दिवस हा अपघाताचा दिवस. म्हणजे बीजाणू शरीरात शिरला तो दिवस नव्हे, पहिला खोकला आला तो नव्हे, डॉक्टरने निदान केलं तोही नव्हे. मस्टरवर टाइमकीपरने कामगाराच्या नावापुढे पहिला 'गै.' मारला, तिथे अपघात घडला.

आणि इथेच या शहाणपणाला भोक पडतं. मस्टर असेल तर. गळीत हंगाम पाच-सहा महिन्यांचा, मग सलग काळ भरायचा कसा? माणूस यंदा या कारखान्यावर, पुढच्या साली दुसऱ्या. कायद्याने त्याचाही विचार केला आहे, अनेक मालकांमध्ये भरपाई वाटून घेण्याची तरतूद आहे, ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावर टाकणारं कलम आहे. पण चिपाडाचा ढीग फोडायला आलेली टोळी मुकादमाच्या वहीत असते, आणि त्या वहीत उचल लिहिलेली असते, खोकला नव्हे. गुऱ्हाळावर तर वहीही नसते. ज्याने मला तोंडाला फडकं बांधायला लावलं त्या गुळव्याला मी विचारलं, तुम्हाला कधी त्रास झाला का? तो म्हणाला, "पावसाळ्यात गावी गेलो की खोकला र्‍हातो. इथं आलं की पुन्हा येतो." प्रयोग, तारखा, निष्कर्ष, सगळं त्याच्याकडे होतं. कुठेही नोंदलेलं नव्हतं.

जाता जाता घरातली एक गोष्ट. देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी फुप्फुस ताठ होणाऱ्या आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद केली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत सर्वांत जास्त, ४७ टक्के, याच ॲलर्जीच्या कुळातले निघाले. त्यांच्या घरी काय होतं हे विचारलं तर निम्म्यांच्या आसपास जणांकडून एकच उत्तर आलं: कूलर. लाकडाच्या बारीक सालपटांचं किंवा गवताचं पॅड, त्यावर रात्रभर ठिबकणारं पाणी, आणि मागून पंखा. चिपाडाचाच ढीग, फक्त खिडकीत टांगलेला. दौंड-शिरूरच्या एप्रिल-मेमध्ये त्याच्याशिवाय झोप लागत नाही. पण घर म्हणजे नोकरी नव्हे, म्हणून परिशिष्ट नाही, आणि अंथरुणावर मस्टर नसतं.

यंदा मार्चमध्ये मी आमच्या कूलरचं जुनं पॅड काढलं. गेल्या उन्हाळ्यापासून तसंच होतं, आणि त्याला हात लावला तर बोटांवर तीच पांढुरकी भुकटी. मी तोंडाला फडकं बांधलं आणि पॅड उकिरड्यावर टाकायच्या ऐवजी प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड गाठ मारून बंद केलं आणि वर मार्करने तारीख लिहिली. घरात विचारलं गेलं, हे काय आता नवीन?

"मुद्देमाल," मी म्हटलं.